तिसऱ्याची जागा

परवान्यावर दोनच मावतात.
आधी तीन मावायची, मग कायदा म्हणाला दोन,
मी मान डोलावली, एक विकून टाकलं,
आणि वर्ष सरायच्या आत तिसऱ्याच्या वासावर निघालो
देवळाली कॅम्पला, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत,
जिथे खोर्शेदबाई दुभाष
नवऱ्याचं कपाट रिकामं करत होत्या,
दर रविवारी एक कप्पा.

पॉइंट बावीस, लांब नळीचं, टार्गेटचं.
माणसासाठी घडवलेलंच नव्हे,
कागदासाठी.
मूठ अक्रोडाची, अंगठ्यापाशी झिजलेली,
नेमकी माझ्या अंगठ्यापाशी.
बाई म्हणाल्या, "तेंचा हात बी असाच होता, लहान."
मी मागची माशी दोन खुणा डावीकडे सरकवली
आणि तिथेच गेलो कामातून.

शालन विचारते, "हे शेवटचं ना?"
एकवीस वर्षं, मेथी निवडता निवडता,
मान वर न करता.
मी म्हणतो, हो.
ती देठं वेगळी ठेवते.

वडील तांबट होते.
हंडा बोटाच्या पेराने वाजवून सांगायचे,
जोड कुठे कच्चा आहे ते.
मला तो कान मिळाला, हातोडी नाही.
मी दिवा मालवून सिलिंडर फिरवतो.
टिक्, टिक्, सहा घरं,
आणि सहाव्यानंतर पुन्हा पहिलं,
पण पहिलं आता पहिल्यासारखं वाजत नाही.
हे कुणाला समजावणार?
तेलाचा वास पंचाच्या घडीत शिरतो,
पंचा धुवायला वेगळा टाकतात आमच्याकडे.

नवं घरात यायचं तर जुन्याने निघायचं.
आयुक्तालयातले ठोसर रजिस्टर उघडतात,
एक नंबर खोडतात, एक लिहितात,
म्हणतात, "अहो, पोरी उजवल्यासारखे डोळे काय पुसता?"
मी म्हणतो, धूळ आहे तुमच्या कपाटांत.
ती असतेच.

नोटप्रेसमध्ये तेहतीस वर्षं तपासणीला होतो.
टाचणीएवढं भोक दिसलं
की अख्खा ताव बाद.
आता नेमकी भोकंच जपतो:
जाणाऱ्या प्रत्येकाला आदल्या सकाळी रेंजवर नेतो,
सहा गोळ्या, एक पुठ्ठा,
मागे नंबर, तारीख, हवा.
'वारा नाही. हात बरा.'
'धुकं. हात माझा नव्हता.'

दुभाषांचं आलं म्हणून जे गेलं
ते माझ्याकडे नऊ वर्षं होतं.
जानेवारी, निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या,
बोटं आखडलेली, चाप बर्फासारखा.
घोडा मागे ओढला तेव्हा
इतकं हलकं सुटलं ते,
जणू त्यालाच जायची घाई.

चौदा पुठ्ठे.
रात्री शालनने हिशेब मांडला, साही चौदे चौऱ्यांशी,
हसली, बऱ्याच दिवसांनी.
"फेरा पुरा झाला हो तुमचा. सुटलात."
मीही हसलो. कपाट लावलं. किल्ली तिच्याकडे दिली.

मग झोप येईना.
किल्ली तिच्या उशाखालून काढली
(ती जागी होती, मला ठाऊक आहे),
पुठ्ठे एकेक करून दिव्यासमोर धरले,
छताला उजेडाचे ठिपके पडत गेले,
मी मोजत गेलो, जुन्या सवयीने, ताव तपासावा तसा.

नवव्या पुठ्ठ्यावर पाचच.
भोक किंचित लांबट, काठ दोनदा फाटलेला:
दोन गोळ्या एकाच वाटेने गेलेल्या.
आयुष्यात एकदाच, आणि मला कळलंही नव्हतं.

म्हणजे त्र्याऐंशी.

बेळगावच्या एका निवृत्त सुभेदाराचा नंबर
पाकिटात घडी घालून आहे, दिवाळीपासून.
सकाळ व्हायला अजून तीन तास.
शालन कूस बदलते, भिंतीकडे तोंड करून विचारते,
"किती भरली?"